उडवा म्हणजे काय

सर्जेरावच्या कुत्र्याचं नाव बग. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये जी चूक दडून राहते तिला बग म्हणतात, म्हणून त्यानं हौसेनं ठेवलेलं. पण आमच्या पलूसच्या बाजूला 'बघ' असं पूर्ण कोण म्हणतंय! त्याच्या दुकानात कुणी 'हे बग' म्हणालं, 'बग की रं' म्हणालं, की टेबलाखालचं ते तपकिरी कुत्रं शेपूट हलवत समोर हजर. दिवसभर त्या मुक्या जिवाच्या नुसत्या येरझाऱ्या. मी एकदा म्हटलं, "अहो सर्जेराव, नाव तरी बदला त्याचं." तर म्हणाला, "आवं बाई, कशापायी बदलू? गावात येवढी मानसं हायत, पर हाक मारल्याबरोबर येनारं ह्येवढं एकच हाय."

तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

सर्जेराव फौजेत वायरलेसवर होता. निवृत्त होऊन गावी आला आणि आमच्या घराच्या खालच्या गाळ्यात त्यानं दुकान टाकलं. सातबारा काढून देणं, पोरांचे फॉर्म भरणं, झेरॉक्स, मोबाइलची दुरुस्ती. मी वर राहते, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. माझी सकाळ त्याच्या आवाजानं उजाडायची. दुकान हे त्याचं पोटापाण्याचं काम. जीव होता तो 'खटका'मध्ये. 'खटका' हे त्याचं व्हिडिओंचं पेज. झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्याला फोन टेकवून तो समोर बसायचा, बनियनवर शर्ट चढवायचा आणि जगाची बिनपाण्यानं करायला घ्यायचा. शेवट ठरलेला: "पटलं तर घ्या, न्हाईतर खटका बंद करा. ओव्हर."

सरकारी वेबसाइट बंद पडली की त्याला चेव यायचा. "सर्व्हर डाऊन हाय म्हणं. आरं, शरम डाऊन हाय तुमची!" मशीन आता कविता लिहायला लागलं अशी बातमी आली तेव्हा म्हणाला, "लिहू दे की. ऊस तोडाय येतंय का इचारा, मग बोलू." त्याला परग्रहावरचे, अंतराळातल्या लढायांचे सिनेमे फार आवडायचे. पुन्हा पुन्हा बघायचा आणि पुन्हा पुन्हा चिडायचा. "तिथं हवा न्हाई, तर ढुम्म कुठनं वाजतंय? आन् ही चड्डी वरनं घातलेली मानसं अख्खं जग वाचवत्यात, आमच्या लाइटीच्या डीपीचा फ्यूज बसवायला मातुर कुणी गावंना!" कॉलेजची पोरं खाली कमेंटमध्ये त्याच्याशी कडाकडा भांडायची. तो प्रत्येकाला उत्तर द्यायचा. शिवी मात्र कधी नाही. "शिवी दिली की मुद्दा मेला," म्हणायचा.

तो नेहमी बरोबर असायचा असं मुळीच नाही. बटणांचे फोन जाऊन काचेचे आले तेव्हा हे थेर वर्षभरसुद्धा टिकणार नाहीत असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. "काचंवर बोट फिरवून कोन टायपतंय व्हय? सारवाय बसल्यागत वाटतंय." पुढे स्वतःच काच सारवत बसला आणि त्याचाही व्हिडिओ केला: "मी चुकलो. लय चुकलो. पर तुमी माझं ऐकलंच न्हाई ह्ये बरं केलं." एवढ्या मोकळेपणानं चूक कबूल करणारा माणूस मी आमच्या स्टाफरूममध्ये अजून पाहिलेला नाही.

आमचं भांडण एकाच शब्दावरून व्हायचं. फोनमधली गोष्ट काढून टाकणं म्हणजे आमच्याकडे 'उडवणं'. फोटो उडवला, मेसेज उडवला, नंबर उडवला. मी म्हणायची, "फोनवर मराठीत 'हटवा' लिहिलेलं असतं. तुम्ही हजारो लोकांशी बोलता, नीट शब्द वापरा." त्यावर त्याचा आवाज चढायचा. "हटवा? हटवायला काय दारात आडवी बसलेली म्हस हाय व्हय? हटवली की ती बाजूला ऱ्हाती बाई, जात न्हाई. उडवलं म्हंजी भुर्रर्र! गेलं!" आणि खरं सांगते, शब्दाची जाण त्याला माझ्यापेक्षा जास्त होती. पण मीही मास्तरीण. ऐकून घेईन तर शपथ.

या वादात राजाभाऊ नेहमी सर्जेरावच्या बाजूनं. राजाभाऊंची बेकरी शेजारच्याच गाळ्यात. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, सकाळचा चहा एकत्र. राजाभाऊंचा फोन कायम भरलेला, सुप्रभातच्या फुलांनी आणि नातवंडांच्या फोटोंनी. रोज सकाळी हातात फोन देऊन एकच पालुपद: "सर्जा, तेवढं उडवून दे की गड्या." हे वाक्य मी माझ्या खिडकीतून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मग ते ॲप आलं. आमच्या भागाच्या साहेबांचं. साहेबांचं नाव मी लिहीत नाही. भीतीनं नाही, लिहायचीही इच्छा होत नाही म्हणून. ऊसतोडीचा नंबर आणि पाण्याची पाळी आता या ॲपवरच कळणार असं सांगितल्यावर गावानं धडाधड ते फोनमध्ये घेतलं. ॲपच्या चौकोनात साहेबांचा हसरा चेहरा. नंबर काही कुणाला कळला नाही. पण साहेबांच्या वाढदिवसाला भलतंच झालं. सर्जेरावच्या फोनमधून, त्यानं बोटसुद्धा न लावता, ओळखीच्या सगळ्यांना संदेश गेला: 'आमच्या लाडक्या साहेबांना उदंड आयुष्य लाभो.' त्याच्या व्याह्याला गेला. फौजेतल्या जुन्या सुभेदाराला गेला. मलाही आला.

तो नुसता धुमसत होता. "बाई, माझ्या नावानं, माझ्या तोंडानं, ह्यो दुसराच बोलतोय! माझं तोंड हाय का सार्वजनिक नळ?" आणि त्यानं व्हिडिओ केला. मी वर चहा गाळत ऐकत होते. आधी ॲप फोनमधले नंबर कसे चोरतं ते त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. मग म्हणाला, "आता काय करायचं? बगा. साहेबांवर बोट दाबून धरा. सोडायचं न्हाई. साहेब थरथरायला लागत्यात. थरथरलं की उडवा. आजच्या आज उडवा. सासूच्या फोनातलं बी उडवा. ओव्हर."

'बगा' ऐकून कुत्रं मध्येच कॅमेऱ्यासमोर आलं होतं. मी इतकी हसले की चहा ओट्यावर सांडला.

गावानं साहेबांना खरंच उडवलं. घरोघर. दोन दिवस सर्जेराव ताठ मानेनं फिरला. मग कुणीतरी त्या व्हिडिओचा सुरुवातीचा भाग कापला, कुत्रंही कापलं आणि शेवटचा तुकडा तेवढा फिरवला. 'साहेब थरथरायला लागत्यात. आजच्या आज उडवा.' सगळ्या तालुक्यात तेवढंच. संध्याकाळी गाड्या भरून कार्यकर्ते आले, दुकानाचा बोर्ड खाली ओढला. साहेबांच्या जिवाला धोका असल्याचा अर्ज ठाण्यात गेला आणि सर्जेरावला बोलावणं आलं.

मी शब्दकोश काखेत मारून ठाण्यात गेले. हो, गेले! मला वाटलं, शब्दाचा घोळ आहे, शब्दानं सुटेल. काय पण शहाणपण! फौजदारांनी माझ्यासमोर पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. पतंग उडवणे, पैसे उडवणे, खिल्ली उडवणे, मुंडके उडवणे. फोटो उडवणे कुठेच नाही. "बाई, तुमचंच पुस्तक आहे," ते म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "फौजदारसाहेब, पुस्तक राहू द्या. गावाला विचारा. बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, उडवा म्हणजे काय."

बाहेर निम्मं गाव जमलेलं होतं. ज्यांचे फॉर्म यानं भरले ते, ज्यांच्या फोनमधली नको ती चित्रं यानं बायकोनं बघायच्या आत काढून टाकली ते, सगळे. विचारलं तर कुणी आभाळाकडे बघतंय, कुणी चपलेकडे. शेवटी राजाभाऊंना आत बोलावलं. मला इतकं हायसं वाटलं! सर्जेरावनंही पहिल्यांदाच मान वर केली.

"राजाभाऊ, उडवा म्हणजे काय हो?" फौजदारांनी विचारलं.

राजाभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांच्या थोरल्याची साहेबांच्या संस्थेतली नेमणूक त्याच आठवड्यात व्हायची होती, हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं नव्हतं.

"उडवा म्हंजी… उडवाच की साहेब. आमी अडानी मानसं. आमाला काय ठावं?"

सर्जेराव त्यांच्याकडे एकटक बघत राहिला. मीच ओरडले, "राजाभाऊ, लाज नाही वाटत? रोज सकाळी कोण म्हणतं, उडवून दे की गड्या?" राजाभाऊ म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या हायसा, तुमचं येगळं हाय." आणि बाहेर निघून गेले. एका शब्दाचा अर्थ सांगायचा होता, दुसरं काही नाही. आईच्या मांडीवर शिकलेला शब्द. त्या दिवशी सगळ्या गावानं मराठी येत नसल्याचं सोंग घेतलं.

तरीही सर्जेराव लढला असता. कोर्टात गेला असता, मला खात्री आहे. पण त्याची मुलगी अश्विनी लष्करात नर्स म्हणून निवडली गेली होती आणि तिची पोलीस पडताळणी याच ठाण्यातून जायची होती. फौजदार चांगल्या शब्दांत म्हणाले, "कशाला वाढवताय? पेज बंद करा, माफीचा एक व्हिडिओ करा, विषय इथंच संपवू." मुलीचं नाव त्यांनी घेतलंसुद्धा नाही. घ्यायची गरजच नव्हती.

माफीचा मजकूर साहेबांच्या माणसांनी लिहून आणला. 'माझ्या वक्तव्यामुळे कोणाच्याही भावना दुखावल्या असल्यास मी अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो.' जन्मात कधी 'आहे' न म्हटलेला माणूस ते अंतःकरणपूर्वक वाचत होता, अडखळत, बोटानं ओळ धरून. वाचून झाल्यावर सवयीनं त्याचे ओठ 'ओव्हर' म्हणायला उघडले. समोरच्या पोरानं तेवढ्यात फोन बंद केला.

अश्विनी रुजू झाली. राजाभाऊंचा थोरलाही लागला. नव्या नावानं नवं ॲप आलं, चेहरा तोच, गावानं घेतलं. सर्जेराव दुकान उघडतो, सातबारा काढून देतो. राजाभाऊ अजून पाव भाजतात, पण चहाला इकडे येत नाहीत. मी त्यांचा पाव खात नाही. पलीकडच्या पेठेतून आणते, तेवढंच माझ्या हातात आहे. गावाला हे हसण्यावारी नेता आलं. मला नाही आलं, आणि येऊही नये.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम खाली गेले. फोन काही भरलेला नव्हता. मला फक्त तो शब्द ऐकायचा होता. बग टेबलाखाली पडलेलं होतं. मी फोन पुढे केला आणि राजाभाऊंच्या सुरात म्हटलं, "सर्जेराव, तेवढे फोटो उडवून द्या की."

त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. खाली मान घालून काम केलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"हटवले आहेत, बाई," तो म्हणाला. "हे बघा."

कुत्रं जागचं हललं नाही.