उष्टं पाणी

नवी सून गप्प बसली की लोक तिच्यादेखत सगळं बोलतात. आमचे हे मळवलीजवळच्या कारखान्यात पाण्याचा प्लांट सांभाळायचे. टाकीत गाळ साचायचा, माझ्याकडे किस्से.

*

लग्नात माझ्या आत्यानं यांना विचारलं, काम काय करता? यांनी सरळ सांगितलं, "कॉलनीच्या न्हाण्यांचं सांडपाणी खडी-वाळूतून गाळतो. थोडं कारखान्याला जातं, उरलेलं शेताला द्यायचं."

आत्याच्या हातातला लाडू हातातच राहिला.

*

प्लांटच्या खालच्या अंगाला शेत एकच, आबांचं. आबा म्हणाले, "उष्टं पाणी जमिनीला पाजू? आई हाय ती."

मॅनेजरसाहेबांनी जीपमधून न उतरताच निकाल दिला. उन्हाळा संपेपर्यंत आबांनी पाणी घेतलं नाही, तर प्लांट बंद!

मग हे रोज सकाळी आबांच्या बांधावर जाऊन बसू लागले. आबा रोज चहा पाजायचे. पाण्याचा विषय निघाला की आभाळाकडे बघायचे.

*

भांड्यांच्या राखेनं प्लांटची वाळू तुंबायची. भांडी राखेनं घासू नका, असं सांगत हे कॉलनीत दारोदार फिरले. शेजारच्या काकूंनी विचारलं, मग घासू कशानं? यांनी बाह्या सारून नुसत्या काथ्यानं त्यांचं पातेलं लख्ख करून दाखवलं. काकूंनी शांतपणे कढई, तवा आणि पितळी हंडाही पुढे सरकवला.

सगळं घासूनच हे घरी आले. घरची भांडी अर्थात मीच घासली.

*

एकदा शेवटच्या टाकीत आबांच्याच म्हशी शिरल्या. हे आनंदानं धावत आबांकडे गेले: तुमच्या म्हशींना तर पाणी पसंत पडलं!

"म्हस गटारात पन बसती," आबा म्हणाले.

*

मे सरत आला. आबांची विहीर आटली, वांग्यांनी माना टाकल्या. मी यांना जेवायला बोलवायला गेले, तर बांधावर तोच वाद. हे सांगत होते, प्यायचं नाही आबा, नुसतं मुळाशी सोडायचं. आबांचं एकच: उष्टं ते उष्टं.

आबांची बायको, पारूमावशी, वांग्यांत उभी राहून ऐकत होती. तिनं फावडं उचललं.

"चाळीस वर्सं तुमच्या उष्ट्या ताटात जेवती मी. वाळली का?"

आणि प्लांटकडून आलेल्या पाटाचं तोंड फोडलं. पाणी वाफ्यात शिरलं. आबा खाली वाकून वाफ्याची माती सारखी करू लागले.

आम्ही घरी आलो. यांनी फळीवरून ताट काढलं, जरा थांबले, आणि दुसरंही काढलं.