परत आलेले काचेचे गोळे

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, आणि इतिहास तर माझा विषयही नाही. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. चुकलो तर सांभाळून घ्या. पण जर्मनीतल्या डार्मश्टाटमधला तो डिसेंबर मनातून जात नाही.

मेकॅनिक्सचा पेपर मी तिसऱ्यांदा दिला होता. इथे चौथी संधी नसते. नापास झालो की शिक्षण संपलं, मग सामान बांधून परत. निकाल लागेपर्यंत मी पार्सलच्या गोदामात लोकांच्या नाताळची खोकी उचलत होतो. आई रोज फोनवर विचारायची, "लागला का रे?" माझं उत्तर रोज तेच, "नाही अजून."

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या आजी थुरिंगियाच्या डोंगरातल्या. तेवीस तारखेला पहाटेची पाळी संपवून दुपारी आलो, तर त्या नाताळचं झाड सजवत होत्या. एका काचेच्या गोळ्याला तडा होता. मी मदत म्हणून तो भाग भिंतीकडे फिरवला.

त्यांनी गोळा पुन्हा पुढे वळवला. "इंजिनियर होणार ना तू? आणि बिघाड लपवतोस?"

मग बसून सांगू लागल्या. त्यांच्या आजीच्या लहानपणी हे गोळे स्वयंपाकघरातच बनायचे. बाप ज्योतीवर काच फुंकायचा, आई आतून चांदीचा मुलामा द्यायची, मुलं रंगवायची. वर्षभर, रविवारीसुद्धा. मग आई पाठीवर टोपली घेऊन शहरातल्या व्यापाऱ्याकडे चालत जायची आणि मुलं खिडकीशी बसायची. माल पसंत पडला का, ते ती परतल्यावरच कळायचं.

"तडे गेलेले, डाग पडलेले तेवढे परत यायचे. तेच आमच्या फांदीवर."

"आणि सण?"

"कसला सण! उकडलेले बटाटे खायचे आणि झोपायचं. सगळी दमलेली असायची."

मला बाबा आठवले. ते शिंपी. दिवाळीच्या पहाटेपर्यंत लोकांचे कपडे शिवायचे आणि फराळाच्या ताटासमोरच पेंगायचे. हे आजींना सांगायचं होतं, पण तेवढं जर्मन त्या क्षणी सुचेना. पाठही दुखत होती.

तेवढ्यात फोन वाजला. विद्यापीठाची मेल होती. चार. इथे एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे काठावर पास.

मी आईला फोन लावला.

"लागला," म्हटलं. "जेमतेम आहे. पण राहतोय."