कमानीचा कान

दादा गेल्याची तार आली तेव्हा मी दापोलीच्या शाळेत मुलींना त्रैराशिक शिकवत होते. मोठ्या बाई दारात येऊन "जरा बाहेर या" म्हणाल्या, तेवढ्यावरूनच कळले. हर्णैला जाऊन आगबोट मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला, आणि रत्नागिरीच्या बंदरात पडावातून उतरले तेव्हा सगळे उरकून गेले होते. पौषातली थंडी बाधली, छातीत कफ भरला, पाचव्या दिवशी संपले... वहिनीने एवढेच सांगितले. आज त्याला दीड महिना झाला. ज्यांनी त्याला कोल्हापूरच्या रस्त्यावर मोटार हाकताना पाहिले असेल, त्यांना तो आठवत असेल. अपघातानंतरची दोन वर्षे मात्र त्याला आमच्या घराबाहेर फारसे कुणी पाहिले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दोघेच भावंडे. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील कचेरीत कारकून होते. ते गेले आणि घर दादावर आले. त्या सुमारास घाटावर मोटारी नुकत्याच जाऊ-येऊ लागल्या होत्या. दादा एका व्यापाऱ्याच्या गाडीवर राहिला आणि वर्षभरात चालवायला शिकला. कारकुनाच्या मुलाने तेलकट हातांनी घरी यावे हे आमच्या आळीला रुचले नाही. पुढे मी चौदाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले, तेव्हा त्याने मला शिकायला पुण्याला धाडायचे ठरवले. लोक काय म्हणतील, असे आत्या म्हणाली. दादा म्हणाला, "मोटार हाकणाऱ्याला लोक आणखी काय म्हणायचे राहिलेत?" एवढ्या एका वाक्यावर माझे सारे आयुष्य उभे आहे.

त्याच्या हाती असे ती लहान मालमोटार होती. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा. इथून नारळ, सुपारी, सुके मासे वर न्यायचे आणि कोल्हापूरहून गुळाच्या ढेपी खाली आणायच्या. सोबत, डावीकडच्या जागेवर, गणू असे. पालीजवळच्या एका वाडीतला, दादाच्याच वयाचा. माल चढवणे-उतरवणे, चाके बदलणे, घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड लावणे ही त्याची कामे. घरी आला की ओटीवर न बसता पायरीवर बसे आणि वहिनीकडे दोनदा चहा मागून घेई. दादाला तो "भाऊ" म्हणे. तो आला की दादाचा आवाज वाढे, हे मला अजून आठवते.

आंबा घाट उतरताना ती गाडी कोसळली. वळणावर पुढचे डावे चाक एकाएकी मागे सरकले, गाडी कठड्यावर आपटली आणि खालच्या घळीत गेली. दादाचा उजवा गुडघा फुटला. गणू ढेपींखाली सापडून जागीच गेला. चौकशीला साहेब आला, त्याने 'यंत्राचा दोष' असे लिहिले आणि प्रकरण मिटले. मालकाला ते धूड डोळ्यांसमोर नको होते. दादा काठी टेकत त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "मला द्या." दोन बैलगाड्यांवर लादून गाडीचे अवशेष आमच्या खळ्यात आले. वहिनी दारातून बघत राहिली. "ही कशाला आणलीत?" तिने विचारले.  दादा एकेक तुकडा हाताने चाचपत होता.

मी मे महिन्याच्या सुटीत आले तेव्हा गोठ्यातली गुरे पडवीला बांधलेली आणि गोठ्यात गाडीचा उघडा सांगाडा. दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, एखादी मोठी शिडी आडवी टाकावी तसा. डावा दांडा धनुष्यासारखा वाकला होता. पालीहून धोंडू लोहार भाता घेऊन आला होता. सांगाडा जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवायचा, वाकलेल्या जागी कोळसे पेटवायचे, लोखंड लाल झाले की एका बाजूने जॅक लावून हळूहळू दाबायचे, आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजायचे. मोजायला त्याने मला घेतले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या तिरक्या ताणायच्या. दोन्ही सारख्या भरल्या तर सांगाडा सरळ. मुलींना फळ्यावर शिकवते तेच आयताचे कर्ण मी गोठ्यात शेणामातीत बसून मोजत होते. पहिल्या दिवशी एक दोरी दुसरीपेक्षा चार बोटे लांब भरली. सुटी संपायला दोन दिवस उरले असताना दोन्ही सारख्या भरल्या. दादा हसला आणि म्हणाला, "कुसुम, पुण्याला धाडल्याचं सार्थक झालं." मी पाहिलेले त्याचे ते शेवटचे हसणे.

दिवाळीत आले तेव्हा काम कमानींवर आले होते. एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची ही कमान गाडीचा भार झेलते, आणि तिचे पुढचे टोक सांगाड्याला एका जाड लोखंडी कानात अडकवलेले असते. पुढच्या डाव्या चाकावरच्या कमानीचा तो कान तुटला होता. धोंडूने तुटका तुकडा चुलीतल्या राखेने घासला, उजेडात नेला आणि बराच वेळ बघत उभा राहिला.

"काय रे?" दादाने विचारले.

"भाऊनू, ह्यो एका वेळी तुटलेला नाय. हितला तांबडा गंज वरवरचा हाय, तो पडल्यावरचा. पन ह्या अर्ध्या भागात काळा तेल मुरलाय बगा. गाडी चालत व्हती तवाच चीर पडलेली."

"किती दिवस आधी?"

"म्हयना... दोन म्हयने. खाली वाकून बगितला असतास तर दिसता."

धोंडूच्या मनात काही नव्हते. लोखंडाबद्दल विचारले, त्याने लोखंडाबद्दल सांगितले. दादा तो तुकडा घेऊन मागल्या दारी गेला. मी गेले तेव्हा तो विहिरीच्या काठावर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गणू मला सांगत होता. घाट लागायच्या आधी, आंब्याला पोचलो तेव्हाच म्हणाला, भाऊ, गाडी डावीकडे वाकतेय, जरा बघूया. मी म्हटलं, साखरप्याला उतरलो की बघू." तुकडा हातात फिरवत तो म्हणाला, "उन्हं उतरायच्या आत घरी यायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं."

हे त्याने साहेबाला सांगितले नव्हते, वहिनीलाही नाही. साहेबाने यंत्राचा दोष म्हटल्यावर त्यालाही तसेच वाटू लागले असावे, किंवा तसे वाटावे म्हणून तो धडपडत असावा. गाडी घरी का आणली, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. दोष कुठे आहे हे त्याला आपल्या हाताने शोधायचे होते, आणि तो सापडला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने गणूच्या बायकोकडे जायचे काढले. मी सोबत गेले. राधा अंगणात भात वारवत होती. तिने सूप खाली ठेवले, आम्हाला घोंगडी टाकली, पाणी दिले. दादाने काही न लपवता सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "गाडी उभी करतोय. झाली की तुझी. भाड्याने लावून देईन."

 राधाच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"भाऊनू, मना कशाला सांगितलास? मशीन मोडली नि मानूस गेला, असा मी मनाशी धरून बसले व्हते. मशिनीवर राग धरता येत नाय, म्हनून जरा झोप लागत व्हती. आता तुमच्यावर धरू? तुमी घरातले." मग ती म्हणाली, "ती गाडी माज्या दारात नको. परत येव नका."

येताना दादाने काठी गुडघ्यांवर आडवी धरली होती. खरे सांगितले की मन हलके होते, असे मी मुलींना शिकवत आले होते. त्या रस्त्यावर मी ते शिकवणे सोडून दिले.

मला वाटले, आता तो काम टाकून देईल. त्याने टाकले नाही. पुढच्या मे महिन्यात आले तेव्हा नवा कान घडवून लाल तापल्या रिवेटांनी सांगाड्याला ठोकून बसवलेला होता. कमानींचे पाटे एकेक करून तापवायचे आणि उंडीच्या तेलात बुडवून त्यांना पाणी द्यायचे, म्हणजे कडक करायचे, चालले होते. साऱ्या घराला त्या तेलाचा उग्र वास भरला होता. वहिनीने त्याबद्दल तक्रार करणे सोडले होते. ती त्याच्याशी कशाबद्दलच बोलत नव्हती. मी विचारले, "आणि इंजिनाचं काय?"

"ते पहिल्या दिवशीच बघितलंय. फुटलंय. ते व्हायचं नाही. राधाने गाडी घेतली असती तर दुसरं मिळवलं असतं."

"मग हे सगळं कुणासाठी, दादा?"

त्याने पाटा तेलातून काढून चिंध्यांनी पुसला. "हे तरी नीट असू दे," म्हणाला. मग पाटा बाजूला ठेवत, "तू शिकलेली आहेस. सांग. आंब्याला थांबून बघितलं असतं तर...?"

मी म्हटले, "अशा 'तर'ला उत्तर नसतं." ते वाक्य मला तेव्हा शहाणपणाचे वाटले होते. त्याने मान हलवली आणि दुसरा पाटा उचलला. त्याला उत्तर ठाऊक होते. मी फक्त शेजारी बसून ते ऐकून घ्यायला हवे होते, आणि मी ते ऐकले नाही. पुढच्या दिवाळीत शाळेतल्या कामामुळे मला येता आले नाही. पौषात तार आली.

तेराव्याला धोंडू आला. गाडीचे लोखंड मोडीत घालता येईल का, असे वहिनीने त्याला विचारले. तो गोठ्यात जाऊन आला आणि म्हणाला, "असला सरळ सांगाडा मी पुन्ना केला नाय नि करूचा नाय. मोडायला दुसऱ्या कुनाला बोलवा." राधा आली नाही. येईल असे मला वाटलेही नव्हते.

निघायच्या दिवशी वहिनी मला गोठ्यात घेऊन गेली. चारी कमानींसकट सांगाडा चिऱ्यांवर उभा होता, शेंदरी रंग दिलेला. चाके नाहीत, इंजिन नाही, बैठक नाही. "वन्सं, तुम्हाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "पावसाळ्यापासून रोज सकाळी चहाचा पेला घेऊन इथे येऊन बसायचे. या उजव्या दांड्यावर. मी एकदा डावीकडे बसायला गेले, तर म्हणाले, तिथे नको." ती पदराने काही पुसावे तशी वाकली, आणि न पुसताच उभी राहिली. तो बसे त्या हातभर जागेवरचा रंग उडून खालचे लोखंड गुळगुळीत झाले होते. आता तिथे गंज धरू लागला आहे.