कनीजच्या कबरीचे दगड

हसीनाबी तडवीची लेक कनीज तापानं गेली, तेव्हा त्यांचा पाडा अजून सातपुड्यातल्या दरीतच होता. नवरा नासीरनं ओढ्याकाठच्या अंजनाच्या झाडाखाली कबर खणली, भोवती गोटे मांडले, त्यांना चुना फासला. पुढे दरी अभयारण्यात गेली. पाडा उठून फैजपूरच्या बाजूला, पायथ्याशी आला. माणसं आली, गुरं आली. कनीज वरच राहिली.

तिला भेटायला जायचं तर गार्डची मिनतवारी. बहुतेकदा तो हाकलूनच देई. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात भुसावळचं एक निसर्गमंडळ बायकापोरांसह दरीत तंबू टाकून राहणार होतं. गार्ड स्वयंपाकाला बाई शोधत आला, तशी हसीनाबी नासीरला न विचारताच हो म्हणाली.

ती पोचली तर तंबू अंजनाखालीच. मंडळाचे प्रमुख जीवराम मास्तर पोरांना सांगत होते, "झाडाची काडीही तोडायची नाही. आपण इथले पाहुणे." सरपणसुद्धा त्यांनी खालून आणलं होतं. झाडाखालचे सगळे गोटे लावून लांबलचक चूल मांडून तयार होती. तिच्या दगडांवर चुना होता.

हसीनाबीनं वाकून एका दगडावर हात ठेवला.

"भाऊ, या मनी पोरनी कबरना दगड शेतस."

मास्तर ओशाळले. "अहो, आम्हाला नुसते गोटेच वाटले. उद्या निघताना जागच्या जागी ठेवू. पण आता मुलं भुकेजली आहेत."

गार्डनं तिला बाजूला घेतलं. "तमाशा केलास तर पुन्हा दरीत पाय ठेवू देणार नाही."

हसीनाबीनं चूल पेटवली. चुन्याचे पापुद्रे उडाले, दगड काळे पडत गेले. ती भाकऱ्या थापत राहिली. कनीजएवढी एक पोर ताट पुढं करून म्हणाली, "मावशी, अजून एक." हसीनाबीनं वाढली.

सकाळी ती भांडी घासायला ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली. परत आली तेव्हा तंबू गुंडाळले होते. मास्तरांनी राख पुरून फावड्यानं जमीन सारखी केली होती, वर पाचोळा पसरला होता.

"बघा बाई, इथं कुणी राहून गेलं असं वाटतं का?"

"दगड कोठे शेतस?"

मास्तरांच्या तोंडावरचं हसू गेलं. "अरेरे, विसरलोच मी. काळे दगड बरे दिसेनात, म्हणून मुलांनी ओढ्याच्या डोहात टाकले."

हसीनाबी पाचोळा उपसू लागली. अंजनाखालची माती सगळीकडे सारखीच मऊ होती. मग ती लुगड्यानिशी डोहात शिरली. तळाशी गोटेच गोटे, भिजून सगळेच काळे. चाचपडून वर काढलेला प्रत्येक गोटा ती उलटसुलट करून पाही आणि टाकून देई. गार्डनं दंडाला धरून तिला बाहेर ओढलं. मास्तरांच्या बायको, लताबाई, उरलेली साखर तिच्या ओल्या पदरात बांधू लागल्या.

घरी तिनं नासीरपासून काही लपवलं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आनि तू त्या दगडस्वर रांधं?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

त्या दिवसापासून नासीर तिच्या हातचं जेवला नाही. त्याचं ताट थोरल्या भावाकडून येई. हसीनाबी रोज त्याच्या वाट्याची भाकरी करी, झाकून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी शिळी झाल्यावर स्वतः खाई.

पुढल्या हिवाळ्यात मंडळ पुन्हा आलं. गार्डनं निरोप धाडला.

"जाशी?" नासीरनं विचारलं. वर्षभरात तो तिच्याशी एवढंच बोलला.

हसीनाबीनं त्याच्या वाट्याची भाकरी झाकून ठेवली. पहाटेच ती डोंगर चढू लागली.