त्यांचा बाप बघेल

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मी अंधेरीच्या हॉटेलात उतरले होते. खोली आवरणारी बाई चादर झटकायची आणि ती हवेत फुगून सावकाश गादीवर उतरेपर्यंत तिच्याकडे बघत राहायची. तेवढा वेळ बाई मनानं तिथं नसायचीच.

“आज माझा सुपरवायझरचा इंटरव्ह्यू आहे, मॅडम,” शेवटच्या दिवशी ती म्हणाली. “नवरा इथंच किचनमध्ये असतो. त्याला बढती देताना कुणी काही विचारलं नाही. मला विचारणार, नाइट शिफ्टला मुलं कोण बघणार?”

“मग काय सांगशील?”

“त्यांचा बाप बघेल.”

“त्याला विचारलंस का गं?”

“छे! त्याला आधी सांगितलं, तर इंटरव्ह्यूला मीच जायची नाही.”

तिनं दुसरी चादर उडवली. ती खाली येईपर्यंत आम्ही दोघीही बघत उभ्या राहिलो.