लांडगा थांबला होता

जन्मभर कन्नड तालुक्यात मेंढरं राखलेले त्रिंबकआबा पुंडलिकनगरला लेकीकडं आले होते. प्रांजलीनं मोबाइलवर नवा गेम लावला आणि त्यातल्या वीराला बापाचंच नाव दिलं. कोकरासाठी लांडग्याला एकटा भिडलेला बाप, ही गोष्ट ती लहानपणापासून मिरवत आली होती.

गेममध्ये लांडगा आला आणि नुसताच उभा राहिला.

"ह्यो का थांबलाय गं?"

"डाव तुमचा हाय, आबा. हितं दाबलं की मारायचं, तितं दाबलं की पळायचं. तुम्ही ठरवेस्तोवर तो हलत नाय."

त्या दिवशी कोकरू टाकून पळालो ते विचाराला वेळच नव्हता म्हणून, अशी आबांनी तीस वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

लांडगा अजून थांबलेलाच होता. आबांचं बोट मात्र केव्हाच पळायच्या जागी जाऊन टेकलं होतं, आणि प्रांजली त्या बोटाकडं बघत होती.