पहिल्या धारांचं दूध

परवा डेअरीचं जुनं कपाट उघडलं आणि फॅट मोजायच्या तेजाबाचा वास नाकात घुसला, तसे ते दिवस आठवले. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आमच्या कुरुंदा गावात दुधाला फॅटवर भाव मिळायला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि आमच्याकडे कडबा उरला होता एकाच गाईपुरता. वडील म्हणाले, जिचं फॅट जास्त ती ठेवू. माझा जीव मी जवळा बाजार गावच्या जनावरांच्या बाजारातून निवडून आणलेल्या, बादली भरणाऱ्या संकरित जर्सीवर. आईचा तिच्या थोडकं दूध देणाऱ्या काळ्या गावरान गाईवर. मी तपासणीला जर्सीच्या शेवटच्या दाट धारांचं दूध नेलं आणि काळीच्या पहिल्या, पातळ धारांचं. काळी हरली. दुसऱ्या दिवशी तिला न्यायला गिऱ्हाईक दारात आलं, तशी आई उठली, तिनं दोन्ही गाई स्वतः शेवटच्या थेंबापर्यंत पिळल्या आणि दोन्ही चरव्या घेऊन डेअरीवर गेली. आम्ही मागोमाग. तपासणीच्या नळीत काळीच्या फॅटची पिवळी रेघ जर्सीच्या वर चढली. "पाणीच इकायचं तर इहीर हाय की, गाय काहून पाळायची?" आई हसली. वडिलांनी विचारलं, "मग काल काहून कमी आलं?" माझ्याकडं न बघता आई म्हणाली, "लेकरानं घाईत पहिल्या धारा नेल्या असतील." जर्सी विकली. दुसऱ्या दिवसापासून डेअरीला न्यायचं दूध आई माझ्याच हाती देऊ लागली. आज माझ्या गोठ्यात काळीच्याच वंशाच्या गाई आहेत. गाय कशी निवडावी हे विचारायला लोक लांबून येतात, आणि इतकी वर्षं मी ती पारख माझीच म्हणून सांगत आलो. आता आधी त्या पहिल्या धारांची माझी लबाडी सांगतो, मग आईची पारख.